कुंडातला मासा

आमच्या रोकमूर गावात जानेवारी महिन्यात चौकातून जाताना जो नाकाला रुमाल लावतो, तो हमखास परगावचा. संत व्हँसांच्या सणाआधी आठवडाभर सुका कॉड मासा चौकातल्या दगडी कुंडात वाहत्या पाण्याखाली भिजत असतो. मासा कसला, ओंडकाच तो; करवतीने कापावा लागतो. मऊ झाला की त्यात उकडलेले बटाटे, अंडी, लसूण घालून घोटायचं आणि वर अक्रोडाचं कडकडीत तेल ओतायचं. हीच आमची एस्तोफी. तिच्याशिवाय सण नाही, आणि लेओंतीन काझालशिवाय ती नाही.

लेओंतीन टेकडीच्या टोकाला, चर्चला लागून राहते. वय ऐंशीच्या घरात, गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र शाबूत. नवरा गेला त्या वर्षीसुद्धा तिने सणाचं जेवण चुकवलं नाही.

यंदा तिचा सख्खा भाचा फीर्मां सरपंच झाला. गावाला ‘सुंदर गाव’ अशी पाटी मिळावी म्हणून त्याने जिवाचं रान केलं, आणि पाहणीची समिती नेमकी सणाच्या आठवड्यात येणार होती. त्याने कुंडात काहीही भिजवायला बंदी घातली. लेओंतीन मासा घेऊन आली तेव्हा तो कुंडापुढे आडवा उभा राहिला. माझं कॅफे समोरच, त्यामुळे सगळं कानावर पडलं.

“मावशी, एवढं एक वर्ष नको ना. किती वास मारतो!”

“तुझ्या बापाचे मोजे याहून वास मारायचे. तरी माझ्या बहिणीने लग्न केलंच की!”

“थट्टा पुरे. पाटी लागली तर लोक येतील.”

“येऊन खाणार काय, पाटी? बेकरीवालाही म्हणाला होता, एवढा एक हिवाळा बंद ठेवतो. उघडली का परत? एक वर्ष चुकलं की पुढच्या वर्षी कुणी विचारतसुद्धा नाही.”

फीर्मां हलला नाही. ती मासा काखेत मारून चढ चढून गेली.

त्या दिवसापासून ती कुंडाचं पाणी बादलीने वर न्यायला लागली. मासा घरच्या टबात ठेवलेला, पाणी सारखं बदलायचं, आणि नळाचं तिला चालायचं नाही. मी हात लावायला गेले तर म्हणाली, “तू आधी तुझी कॉफी पिण्यालायक कर.” गाव खिडक्यांतून नुसतं बघत होतं. मला फीर्मांपेक्षा आम्हा बघणाऱ्यांचाच जास्त राग आला.

समिती यायची त्याच सकाळी ती बर्फावरून घसरली. गुडघा टम्म सुजला. मी तिच्या घरी तो शेकत बसले होते, तेवढ्यात दारात फीर्मां. नवा कोट, हातात दोन भरलेल्या बादल्या.

“मावशी, मी पाहिलं तुला पडताना. सणापर्यंत पाणी मी आणतो.”

मला भरून आलं. तिला नाही.

“ओतून दे ते.”

“अगं, पण मासा नासेल!”

“नासू दे. उद्या मी मेले की या बादल्या कोण वाहणार? तू? एक वर्ष वाहशील. कुंडात भिजला तर कुणीही भिजवेल, तुझी पोरंसुद्धा. मला तुझं पाणी नको, फीर्मां. माझं कुंड दे.”

खाली घाटात समितीची गाडी वळणं घेत होती. फीर्मांने ती पाहिली, मावशीकडे पाहिलं. मग बादल्या खाली ठेवल्या, टबातला मासा उचलून छातीशी धरला आणि निथळत्या कोटानिशी गल्ली उतरायला लागला.

मी लेओंतीनला धरून खिडकीशी आणलं. चौकात पाहुणे गाडीतून उतरले होते. एका बाईंनी नाकाला रुमाल लावला. त्यांच्यादेखत सरपंचांनी मासा कुंडात सोडला.

लेओंतीनचे डोळे भरले होते. ते न पुसताच तिने खिडकी सताड उघडली आणि अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असं ओरडली, “शेपूट वर राहिलीय, गाढवा! नीट दाब!”

सरपंचांनी बाह्या वर सारल्या आणि शेपूट पाण्याखाली दाबली.