पाच खाचांखाली एक ठिपका

आज सकाळी इथे सिंगापूरला पासिर रिसच्या किनाऱ्यावर ओल्या दोराचा वास आला आणि माझं पाऊल अडलं. होडी बांधायच्या जुन्या खांबाच्या कडेला दोराने खाचा पाडल्या होत्या. सवयीने मी त्यांत अंगठा फिरवला. बाळांनो, आजी दिसेल त्या खाचेत अंगठा का घालते, असं तुम्ही मागे विचारलं होतंत. उत्तर लांबलं, कारण ती गोष्ट काढली की मला चैन पडत नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही इथून जवळच टॅम्पिनीसला राहत होतो. तुमचे आजोबा बहुतेक काळ जहाजावर, तुमची आई शाळेत. वरच्या फ्लॅटमध्ये एक वयस्कर आयरिश बाई मुलाकडे राहायला आल्या होत्या. त्यांचं आयुष्य स्वतःच्या देशातल्या प्राचीन दगडांवरचे लेख वाचण्यात गेलं होतं. दगडाच्या उभ्या कडेवर कोरलेल्या रेघा आणि खाचा, खालून वर वाचायच्या. बहुधा कुणाचं तरी नाव, त्याच्या बापाचं नाव, बस्स. साल नाही, तिथी नाही. मग काळ ठरवायचा तो भाषेवरून. पिढ्यान्‌पिढ्या बोलताना शब्दांचे शेवट झिजत गेले. दगडावर तो शेवट शाबूत असेल तर दगड जुना, गळालेला असेल तर नंतरचा.

बाईंच्या लाडक्या दगडावर नावाच्या शेवटी पाच खाचा होत्या, म्हणजे एक स्वर. तेवढ्या जोरावर त्यांनी तरुणपणी तो दगड फार जुना ठरवला होता आणि पुष्कळ थट्टा सोसली होती. पुढे दगड फुटला. उरली ती त्याच्या कडेची प्लास्टरची प्रतिकृती, टॉवेलात गुंडाळून सिंगापूरला आणलेली. त्यांना त्या दगडाविषयी शेवटचा लेख लिहायचा होता आणि नजर अधू झाली होती. म्हणून डोळे माझे. पडदे ओढून मी बॅटरी तिरकी धरायची. उजेड समोरून टाकला तर खाच सपाट होऊन जाते, कडेने टाकला की सावली धरते.

एका रविवारी याच किनाऱ्यावर असाच खांब पाहिला आणि त्याच्या खाचेत अंगठा घातला; तळ गोल लागला. छिन्नीची खाच तळाशी टोकदार असते. बाईंच्या शेवटच्या पाच खाचा गोलसर, गुळगुळीत होत्या, आणि तो दगड खाडीकाठी उभा होता हे त्यांनीच सांगितलं होतं. म्हणजे त्या कोरलेल्या नसून होड्यांच्या दोराने पडलेल्या असतील. घरी येऊन मी कपाटं आवरली, आवरलेली पुन्हा आवरली.

"आई, जस्ट टेल हर, ला! दगड काय तू फोडलास?" तुमची आई तिच्या सिंगापुरी इंग्रजीत वैतागली.

"अगं, जन्म गेलाय त्यांचा त्यात."

"मग उद्या दुसऱ्या कुणी दाखवून दिलं तर? दॅट्स वर्स."

दुसऱ्या दिवशी सांगितलं. बाईंनी प्रतिकृती मांडीवर घेतली. अंगठा त्या कडेवरून खालून वर, पुन्हा खालून वर फिरत राहिला. चहावर साय धरली.

"बांधत असतील होड्या," अखेर त्या म्हणाल्या. "पण कोरलेली खाच आयती मिळाली म्हणून दोर तिथेच बसला असेल, तर?"

मी लेखाचा कागद पुढे ओढला. "मग ते अक्षर खोडू का?"

"मुळीच नाही. अक्षर राहू दे, खाली ठिपका दे." शंका असलेल्या अक्षराखाली ठिपका द्यायची त्या अभ्यासाची रीत. मग थांबून म्हणाल्या, "आणि तो दगड जुना आहे असं म्हटलेला परिच्छेद काढ. थट्टा करणारे बहुतेक गेले, नाहीतर केवढे खूश झाले असते!"

त्या हसल्या. ठिपका मी दिला. जरा मोठाच पडला.

बाई मायदेशी परतल्या, लेख छापून आला, आणि मी मात्र अजून त्या पाच खाचांशीच अडून आहे. माझ्या घरात प्रत्येक वस्तूला जागा आहे. त्या ठिपक्याला सापडलेली नाही. तुमचा फोन येतो, वाक्य मराठीत सुरू होतं आणि मध्येच इंग्रजीत शिरतं. मी मनात म्हणते, झिजलं. मग वाटतं, असेलही मराठी तिथे शाबूत, माझाच उजेड समोरून पडत असेल.

आज कितीतरी वेळ त्या खांबावर अंगठा ठेवून उभी राहिले. लाटेबरोबर होडी हलत होती, दोर पुढेमागे सरकत होता, आणि खाच थोडीथोडी खोल होत होती.