वळणावर लागणारा दिवा

गाडीतला तो पिवळा दिवा पहिल्यांदा लागला, तेव्हा मला गाडी शिकून जेमतेम चार महिने झाले होते. छप्पन्नाव्या वर्षी शिकले, आणि हौसेने नाही. ह्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा अकोले गावाहून संगमनेरला न्यायचं, तर दर वेळी कोणाकडे गाडी मागणार? उभा जन्म दुधाचा टँकर चालवलेला माणूस डावीकडे बसला आणि स्टेअरिंगवर मी.

दिवा ब्रेकच्या एबीएस यंत्रणेचा होता. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की जायचा, आणि थोड्या वेळाने बघावं तर पुन्हा हजर. संगमनेरच्या पहिल्या गॅरेजवाल्याने विचारलं, "साहेब न्हाई आले का?" म्हटलं, बसलेत आत. त्याने वाकून एकदा पाहिलं आणि पुढचं सगळं मलाच सांगितलं. चाक किती वेगाने फिरतंय ते कळवणारा एक सेन्सर असतो, त्याची तक्रार आहे. साधा ब्रेक लागेल, पण जोरात दाबला तर चाकं जाम होऊन गाडी घसरेल. मग त्याने स्टेअरिंगखाली मशीन जोडलं आणि दिवा घालवला. "गेला बघा, काकू."

प्रवरेच्या पुलाकडे वळेपर्यंतच गेला होता; मग पुन्हा हजर.

दुसऱ्याने चाकं उघडून सेन्सर पुसले, लाल चिखल खरवडून काढला, आणि पुन्हा लागला तर सगळं युनिटच बदलू म्हणाला. पुन्हा लागलाच. मला त्या दिव्याची धास्ती बसली. पुढे उसाची ट्रॉली दिसली की मी इतकी हळू व्हायचे, की मागचे हॉर्न वाजवून जीव नकोसा करायचे.

त्यात ह्यांचं वेगळंच. वळण आलं की डाव्या हाताने डॅशबोर्डवर थाप मारायचे. सरळ रस्त्याला गप्प, वळणाला थाप. मला वाटायचं, माझं वळवणं पसंत नाही. टँकर अर्धा भरलेला असला की वळणावर आतलं दूध हिंदकळून गाडी ओढतं, हे ह्यांच्याकडून मी लग्नापासून ऐकत आलेले. पण माझ्या गाडीत कुठलं आलंय दूध? पहाटे उठून ह्यांचं सगळं आवरायचं, स्वयंपाक करायचा, ह्यांना उचलून गाडीत बसवायचं, आणि वर ही परीक्षा. मी थकले होते. खरं सांगते, ह्यांच्या आजारापेक्षा त्या थापेने जास्त थकले होते.

एकदा भर रस्त्यात ओरडले, "एवढं कळतंय तर तुम्हीच चालवा ना!"

ह्यांनी हात मांडीखाली दाबून धरला. घर येईपर्यंत काढला नाही. मला लगेच वाईट वाटलं, पण मी माफी मागितली नाही. पुढच्या खेपेला पहिल्याच वळणावर पुन्हा थाप.

तिसरा मेकॅनिक ह्यांच्याच वयाचा होता. त्यानेही मशीन जोडलं. मी सगळी कहाणी सांगत होते, तेवढ्यात ह्यांनी थाप मारली. "बघा, उभ्या गाडीतसुद्धा!" मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघतच नव्हता. "दादा, डायवर हुता का तुमी?" ह्यांनी मान हलवली. "मग तुमीच सांगा. मी चालवतो."

मला खाली उतरवून दोघे गेले. समोरच्या मोकळ्या जागेत गाडी एकदा सरळ गेली, मग गोल फिरली, मग उलटी गोल. परत आल्यावर त्याने स्टेअरिंग पार एका बाजूला वळवलं, उजव्या पुढच्या चाकामागे हात घातला आणि एक वायर बोटांत धरून दाखवली. वरून चांगली, आतून तुटलेली. चाक वळलं की ताणायची आणि तुटलेली टोकं सुटायची.

"ताई, तुमचं ध्यान रस्त्यावं. दिवा कवा लागतो ते तुमाला दिसत न्हाई. ह्यांला पयल्यापसनं ठावं हाय. वळलं की लागतो. तेच सांगत हुते की."

सहा महिने हा माणूस मला दोष दाखवत होता आणि मी तो माझा दोष समजत होते.

नवी वायर बसली, दिवा मशीनने घालवला, आणि आम्ही निघालो. पुलाचं वळण आलं. दिवा लागला नाही. पुढचं वळण, तिथेही नाही. थापही नाही. रस्त्यावरची नजर न काढता मी म्हटलं, "त्या दिवशी मी तुम्हाला बोलले ना, ते चुकलंच माझं. ऐकताय ना?"

उत्तराची अपेक्षा नव्हतीच. तरी हुं तरी करतील म्हणून वाट पाहिली. समोर ट्रॅक्टर थांबला तेव्हा वळून पाहिलं. हे झोपले होते. तोंड थोडं उघडं, मान काचेला टेकलेली. मी चालवायला लागल्यापासून हे माझ्या गाडीत एकदाही झोपले नव्हते.

मी उठवलं नाही. ट्रॅक्टर हलल्यावर ब्रेक अलगद सोडला, आणि घरापर्यंत तसाच अलगद दाबत राहिले.