हेस्टर ओल्डरॉइडचं ‘वाईट नाही’

हेस्टर ओल्डरॉइडने जन्मात कशालाच चांगलं म्हटलं नव्हतं. नवरा गेला, तेव्हा चर्चच्या दारात कुणीतरी हळहळून म्हणालं, “भला माणूस होता गं तुझा.” हेस्टर म्हणाली, “वाईट नव्हता.” त्यासरशी आजूबाजूच्या जुन्या बायकांनी रुमाल काढले. एवढं कौतुक तिच्या तोंडून कुणीच ऐकलं नव्हतं.

क्रॅगलीच्या खोऱ्यात बोलायची तऱ्हाच ही. जेवण झकास झालं तर ‘खाण्यासारखं आहे’. पोराला नोकरी लागली तर ‘घरात पडून तरी राहणार नाही’. आणि ज्याला कुणी तोंडभरून ‘फार छान’ म्हटलं, त्याने मुकाट्याने ओळखावं की आपलं काही खरं नाही.

हेस्टरचं मासे-चिप्सचं दुकान पुलाच्या तोंडाशी. शाळा सुटली की दोन्हीकडची पोरं तिथेच येऊन आदळत. टेकडीवरच्या हॅगथॉर्न हायस्कूलची येत, ती टाय डोक्याला बांधून. पलीकडच्या खोऱ्यातल्या फेदरबीची येत, ती टाय गळ्यातच ठेवून. दोन्ही शाळा सरकारीच, पण फेदरबीला तपासनिसांनी ‘अत्युत्तम’ असा शेरा दिलेला आणि तो त्यांनी फाटकावर हातभर अक्षरांत टांगलेला. हॅगथॉर्नला मिळाला होता ‘सुधारणेची गरज’. तो टांगण्याजोगा नव्हता, आणि टांगला असता तरी त्यांचं फाटक मोडलेलं होतं.

पण हॅगथॉर्नमध्ये एक गोष्ट होती जी फेदरबीत नव्हती. कमी ऐकू येणाऱ्या मुलांसाठी वेगळा वर्ग, त्यासाठी शिकलेल्या दोन बाई आणि त्यांची सगळी यंत्रं. हेस्टरची नात कॉनी एका कानाने ठार बहिरी, दुसऱ्याला यंत्र. तिची आई इस्पितळात पाळ्या करायची, म्हणून पोर आजीकडेच वाढलेली. पुढच्या वर्षी कॉनी प्राथमिक शाळेतून बाहेर पडणार होती आणि तिला तो वर्ग हवा होता.

घोडं अडलं होतं ते इथे. हॅगथॉर्नची पोरं वर्षागणिक कमी होत चालली होती. यंदाही पालकांनी शाळेकडे पाठ फिरवली, तर पालिका एक तुकडी बंद करणार आणि तो खास वर्ग उचलून शहरात नेणार, हे मुख्याध्यापक पिकर्सगिल सरांनी स्वतः काउंटरवर कोपर टेकून सांगितलं होतं. शहर म्हणजे दोन बस. अकरा वर्षांची पोर, हिवाळ्याचा काळोख, आणि मागून येणारी गाडी ऐकू येत नाही.

“किती जण हवेत?” हेस्टरने विचारलं होतं.

“नव्या वसाहतीतले निम्मे आले तरी निभावेल,” सर म्हणाले आणि चिप्सवर व्हिनेगर इतकं ओतलं की कागद फाटला.

नवी वसाहत म्हणजे लोकरीची गिरणी पाडून तिथे उठलेली घरं. त्यांत राहायला आली ती बहुतेक दक्षिणेकडची, पोराबाळांची माणसं. त्यांची पुढारी इमोजेन टेलफर. पालकांचा फोनवरचा गट तिच्या ताब्यात. ती म्हणेल ती पूर्व दिशा. शाळांचे निकाल, हजेरी, कुठे कोणते विषय, कुठे गाण्याचा वर्ग, सगळं तिने कोळून प्यायलं होतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती दुकानात आली ती मासे घ्यायला नव्हेच.

“मिसेस ओल्डरॉइड, दोन्ही शाळांची मुलं तुम्ही रोज बघता. आकडे मी वाचलेत, पण मला माणसाचं मत हवंय. हॅगथॉर्न कशी आहे?”

हीच ती वेळ. हेस्टरने झारा खाली ठेवला, हात पुसले, सारी पुण्याई पणाला लावली आणि जन्मात एकदाच वापरलेला शब्द बाहेर काढला.

“वाईट नाही.”

“अच्छा,” इमोजेन म्हणाली. “आणि फेदरबी?”

“छान आहे हो. फार छान,” हेस्टर म्हणाली, आणि मनाशी म्हणाली, झालं, फेदरबीला पुरली एकदाची.

इमोजेनने दोन्ही उत्तरं फोनवर टिपली, आभार मानले आणि एक लहान चिप्स घेऊन गेली. हेस्टर दिवसभर शीळ घालत होती.

शीळ बंद पडली ती दुसऱ्या दिवशी. बेरिल आली. ती दुकानात बटाटे सोलायची आणि जगभराच्या बातम्याही तिथेच सोलायची. तिची सून वसाहतीतल्या त्या गटात होती.

“हेस्टर, काय बोललीस गं तू त्या बाईला?”

“का?”

बेरिलने फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचलं. “‘चिप्सवाल्या बाईंची स्वतःची नात हॅगथॉर्नला जाणार आहे, तरी त्यांना “वाईट नाही” यापलीकडे शब्द सापडला नाही. चेहरा बघवत नव्हता. फेदरबीबद्दल मात्र मोकळेपणाने म्हणाल्या, फार छान. मला वाटतं, आपल्याला उत्तर मिळालं.’ खाली सगळ्यांचे अंगठे.”

कढईतला मासा करपत होता. हेस्टरला त्याचा वासही आला नाही.

“अगं, पण मी तर कौतुक केलं!”

“तू केलंस. त्यांना कुठे कळतंय? त्यांच्याकडे चांगल्याला चांगलं म्हणतात.”

“तोंडावर?”

“तोंडावर.”

“लाज नाही वाटत?” हेस्टर म्हणाली आणि मटकन बटाट्याच्या पोत्यावर बसली.

शाळेची पसंती कळवायची मुदत महिनाअखेरपर्यंत होती. बेरिलने मनावर घेतलं आणि दुपारच्या रिकाम्या वेळी तालीम सुरू झाली.

“म्हण, ‘हॅगथॉर्न उत्कृष्ट आहे.’”

“हॅगथॉर्न उत्...” हेस्टरला ठसका लागला.

“बरं, ‘फार छान’ तरी म्हण. ते येतं ना तुला?”

ते येत होतं. मग मनावर दगड ठेवून, पुढचे काही दिवस वसाहतीतलं जे कुणी येईल त्याला हेस्टर सांगू लागली, “हॅगथॉर्न फार छान शाळा आहे हो.” सांगताना तिचा चेहरा दाढ उपटून घेणाऱ्या माणसासारखा होई. आता दुकान म्हटलं की तिथे काही वसाहतीचीच माणसं नसतात. रांगेत म्हातारा ईनक सगडन उभा होता. त्याचा नातूही पुढच्या वर्षी हायस्कूलला जाणारा. त्याने ते ऐकलं आणि टोपी काढली.

“काय झालं गं हॅगथॉर्नला? बंद पडतेय का?”

“नाही रे, कोण म्हणतं?”

“तूच म्हणालीस आत्ता, फार छान!” ईनक गंभीर होऊन म्हणाला. “एवढं वाईट आहे होय तिथे? बरं झालं, सांगितलंस.”

आठवडा उलटायच्या आत जुन्या गावात बोभाटा झाला. हेस्टर ओल्डरॉइड हॅगथॉर्नला ‘फार छान’ म्हणते. म्हणजे आत काहीतरी भयंकर शिजतंय. पिढ्यान्‌पिढ्या डोळे मिटून हॅगथॉर्नला पोरं घालणारी घरं फेदरबीच्या बसची चौकशी करू लागली. नवे लोक पहिल्या शब्दाने गेले होते, जुने दुसऱ्याने चालले. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधोमध हातात झारा घेऊन हेस्टर. आता तोंड उघडायचीच तिला धास्ती वाटू लागली. कुणी हवापाणी विचारलं तरी ती नुसती मान हलवी.

कॉनीला ऐकू कमी येई, पण दिसे सगळं. “नॅन,” ती एका संध्याकाळी आजीला म्हणाली, “मी शहरात जाईन. घाबरत नाही मी.”

“कोण म्हणतंय घाबरतेस म्हणून?” हेस्टर खेकसली आणि पाठ करून बराच वेळ कढई ढवळत राहिली. कढईत काहीच नव्हतं.

मुदत संपायच्या आधीचा शुक्रवार. शुक्रवारी अख्खा गाव मासे खातो. रांग पुलापर्यंत गेलेली. जुनी माणसं, वसाहतीतली माणसं, दोन्ही शाळांची पोरं, सगळी एकात एक. इमोजेन टेलफर काउंटरपाशी पोचली आणि तिने सरळ विचारलं.

“मिसेस ओल्डरॉइड, मला म्हणालात ‘वाईट नाही’. माझ्या शेजारणीला म्हणालात ‘फार छान’. आज रात्री आम्ही पसंती भरणार. यातलं खरं काय?”

ईनकने कान पुढे केला. हेस्टरने नव्यांकडे पाहिलं, जुन्यांकडे पाहिलं. हा शब्द वापरावा तर हे जातात, तो वापरावा तर ते जातात. आणि मग तिचा बांध फुटला. तिला येत होतं तेच तिने केलं. ती कुरकुरायला लागली.

“खरं ऐकायचंय? व्यायामशाळेचं छप्पर गळतं. बादल्या ठेवतात खाली, पोरं त्यांवरून उड्या मारतात. गणिताचा बरा मास्तर वर्षात पळाला. संडासाबद्दल बोलायलाच नको. पोरं म्हणाल तर वांड! हा बघा,” तिने रांगेतल्या एका लांबोड्याकडे झारा रोखला, “रीस ब्रॅनिगन. याच्याइतकं ओंगळ खाणारं जनावर या खोऱ्यात नाही.”

“ए हेस्टर, मी काय केलं?” रीस ओरडला. टाय डोक्याला, मफलर नाकापर्यंत.

“मग नातीला तिथे का घालताय?” इमोजेनने विचारलं.

हेस्टरची नजर बाजूला गेली. शेजारच्या खिडकीशी कॉनी मान खाली घालून कागद मोजत होती, आणि रीसचा नंबर तिच्याकडे लागला होता. रीसने काउंटरवर दोनदा टकटक केलं. कॉनीने वर पाहीपर्यंत थांबला. मफलर हनुवटीखाली ओढला, तोंडातला घास गिळला आणि बेताच्या आवाजात म्हणाला, “एक मोठे चिप्स. तळणीतला चुरा जास्त.”

“रीस,” हेस्टर म्हणाली. “मफलर का काढलास रे?”

रीसने तिच्याकडे खुळ्याकडे पाहावं तसं पाहिलं. “मग तिला ओठ कसे दिसणार?”

“कुणी शिकवलं?”

“शिकवायचं काय त्यात? आमच्यात सगळेच करतात. चुरा टाक ना गं.”

हेस्टर इमोजेनकडे वळली. “फेदरबीची पोरं फार सभ्य हो. प्लीज म्हणतात, थँक्यू म्हणतात. जमिनीकडे बघून म्हणतात. माझ्या नातीला जमिनीवरचं ऐकू येत नाही.”

इमोजेनने फोन काढला नाही. पुडा घेतला, कॉनीच्या खिडकीशी गेली, तिचं लक्ष जाईपर्यंत थांबली आणि तिच्या डोळ्यांत बघून म्हणाली, “थँक यू.” मग निघून गेली.

“काय ठरलं तिचं?” बेरिलने विचारलं.

“मला काय विचारतेस? मला माणसांचं बोलणं कळतं का आता?”

मुदत संपली. पालिकेत मोजणी सुरू झाली. हेस्टर दुकानाच्या दाराची घंटा वाजली की दचके. दोनदा चिप्सवर मिठाऐवजी साखर पडली. ईनकने ते चिप्स निमूटपणे खाल्ले आणि ‘खाण्यासारखे आहेत’ म्हणाला.

नोव्हेंबरच्या एका दुपारी पिकर्सगिल सर आत आले. ओव्हरकोट भिजलेला, चेहरा कोरा. सर जन्माने क्रॅगलीचेच. रांगेत इमोजेनही उभी होती. सर काउंटरपाशी आले. हेस्टरने झारा दोन्ही हातांनी धरला.

“आकडा आला?”

“आला.”

“कसा आहे?”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“वाईट नाही,” ते म्हणाले.

झारा कढईत पडला. हेस्टर पोत्यावर बसली आणि पदर नव्हता म्हणून एप्रनच तोंडावर ओढून घेतला. बेरिल नाक शिंकरू लागली. रांगेत वसाहतीतला एक नवा गृहस्थ घाबरून इमोजेनला म्हणाला, “अरेरे, फारच वाईट बातमी दिसते.”

“गप्प बसा हो,” इमोजेन डोळे पुसत म्हणाली. “वर्ग वाचला.”

हेस्टरने एप्रनमधून एक डोळा बाहेर काढला आणि इमोजेनला नीट न्याहाळलं.

“बेरिल,” ती म्हणाली, “या बाईच्या चिप्सवर चुरा टाक. शिकायला वाईट नाही ही.”