ट्रॅक्टरचं तोंड

उकंडराव आमच्या गावचा पहिला ड्रायव्हर. माणिकरावांच्या वडिलांनी सत्तावन्न साली लाल ट्रॅक्टर आणला. तो सुरू व्हायचा पेट्रोलवर, आणि तापला की चालायचा रॉकेलवर. तो चालवायला म्हणून चौथी पास उकंडरावाला अकरा दिवस अकोल्याला शिकायला पाठवलं. अकरा दिवसांत तो काय शिकला हे त्यालाच ठाऊक, पण परत आला तो पायात बूट घालून. अनसिंगच्या अलीकडच्या आमच्या त्या गावात तेव्हा बूट घालणारे दोघेच होते, एक तलाठी आणि दुसरा उकंडराव. त्यातही तलाठ्याचे फाटके.

त्याची बायको भागिरथा तेव्हा नवी नवरी. पाण्याला गेली की सांगायची, "आमचे हे बैलाले हात लावत नाहीत. त्यायचं काम मशिनीवर हाये." पाच वर्षं हे वाक्य पुरलं.

बासष्टच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडरावानं हँडल मारलं. ट्रॅक्टर दोनदा खोकला, काळा धूर ओकला आणि गप्प झाला. झाला तो झालाच. बाहेरगावाहून एक मिस्तरी आला. त्यानं दोन दिवस कोंबडं खाल्लं, चार नट खोलले, तीन बसवले, आणि हात पुसत निकाल दिला, "डायवरनं इंजिन मारलं."

माणिकराव तेव्हा जवान आणि तापट. भर चावडीवर म्हणाले, "उकंडा, तुह्या हातात बैलाची शेपटीच बरी होती." त्या दिवसापासून उकंडराव गावात 'इंजिनमाऱ्या' झाला. पुढं तो अनसिंगला पिठाच्या गिरणीवर राहिला, तर दळण आणणाऱ्या बायासुद्धा म्हणायच्या, "सांभाळून बापा, गिरणी मारू नको." विहिरीवर भागिरथेची घागर फुटली तरी कुणीतरी म्हणणारच, "नवऱ्यानं हात लावला असंल!"

उकंडरावाला राग यायचा नाही. त्याला समजायचंच नाही. आदल्या दिवशी धडधडत घरी आलेलं इंजिन सकाळी मेलं कसं? आपण काय केलं? रॉकेल तेच, तेल तेच, हात तोच. दळण दळता दळता मध्येच थांबून तो हवेत हँडल फिरवायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "काय झालं?" तो म्हणायचा, "तेच तर पाहून राह्यलो."

अशी दहा वर्षं गेली. मग बहात्तरचा दुष्काळ आला. माणिकरावांच्या दावणीला बैलांच्या सहा जोड्या होत्या, उरली एक. त्र्याहत्तरच्या वैशाखात माणिकराव स्वतः गिरणीवर येऊन उभे राहिले. आता त्यांचे केस पिकले होते. अंगावर पीठ उडत होतं, तरी हलले नाहीत.

"उकंडा, ट्रॅक्टर चालू होते का पाह्य."

"मी?" उकंडराव म्हणाला. "म्या तं मारला ना थो!"

"म्हनूनच म्हनतो. आईतवारी कारंज्याचा भंगारवाला येनार हाये. तोवर चालू झाला तं ज्या चावडीवर बोललो, तिथंच माहा शब्द मागं घेतो. नाही झाला तं थो लोखंडाच्या भावानं जाईन."

ट्रॅक्टर भंगारात गेला की तुकडे होणार, आणि आपण तो मारला की नाही हे मग कुणालाच कधी कळणार नाही. आपल्यालासुद्धा. त्यानं गिरणीचा पट्टा उतरवला आणि निघाला. एका म्हातारीची अर्धी ज्वारी जात्यातच राहिली.

जाताना त्यानं देवमनला सोबत घेतलं. देवमन बौद्धपुऱ्यातला. कारंज्याच्या कापसाच्या जिनात आठ वर्षं इंजिनखोलीत काढलेला, पान्यांची पिशवी बाळगून असलेला माणूस. बोलायला चटपटीत. माणिकरावांच्या गोठ्याजवळच्या निंबाखाली ट्रॅक्टर पाहून तो म्हणाला, "उकंडभाऊ, याले चालू कराचं का याचं तेरवं कराचं?"

सीटखाली सापाची कात होती, बॉनेटखाली चिमण्यांची तीन घरटी. रंग उडाला होता. पण एक गोष्ट नवलाची, चाकांवरच्या दोन्ही पत्र्यांना गंजाचा ठिपका नव्हता. बोट फिरवलं तर बोटाला हळद लागली.

"हे काय?" देवमन म्हणाला.

"नानीमायची खांदशेकनी," उकंडराव म्हणाला.

नानीबाई म्हणजे माणिकरावांची आई. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकून त्यांना 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हणायची आपली रीत. ट्रॅक्टर आल्यावर नानीबाई म्हणाली, बैलाचं काम हा करते, तर याच्या खांद्यानं काय पाप केलं? तेव्हापासून बैलांच्या ओळीत शेवटी ट्रॅक्टरलाही तूप-हळद आणि आवतन. बंद पडल्यावरही सुटलं नाही. बुढी म्हणायची, "दुखनाईत बैलाले का आपन उपाशी ठेवतो?"

कामाला सुरुवात झाली. पिस्टन गंजून धरलेले होते. प्लगच्या भोकांतून रॉकेल आणि गोडं तेल ओतून दोन दिवस ठेवलं. तिसऱ्या दिवशी दोघांनी हँडलवर भार दिला तसं आतून 'कट्' झालं आणि इंजिन फिरलं. उकंडरावाच्या डोळ्यांत पाणी आलं. देवमन म्हणाला, "रडू नको, अजून फकस्त कूस बदलली हाये त्यानं."

ठिणगी येते का पाहायला देवमननं तार हातात धरली आणि उकंडरावाला म्हणाला मार हँडल. देवमन असा उडाला, की टोपी निंबाच्या फांदीवर. "हाये!" तो खालून ओरडला. "ठिणगी हाये! लय हाये!"

वाशीमहून ताजं पेट्रोल आणलं. ठिणगी होती, पेट्रोल होतं, हँडलला दाब लागत होता. मग नाही म्हणायचं कारण काय? शुक्रवारी दिवसभर हँडल मारलं. शनिवारी मारलं. इंजिन फिरायचं आणि सोडलं की थांबायचं. प्लग काढले की काळे, ओले. भागिरथेनं चुलीच्या उबेला वाळवून दिले, बसवले, पुन्हा ओले.

"पेट्रोल पोचते तं पेटत काहून नाही?" उकंडराव विचारायचा.

"ठिणगी पडते तं पेटत काहून नाही?" देवमन विचारायचा.

दोघं एकमेकांकडं पाहायचे आणि तंबाखू मळायचे. देवमननं एकदा सगळं उलट जोडून पाहिलं. मग सुलट जोडलं. दोन वायसर उरले. ते कुठले, हे कुणालाच आठवेना. तेही एका कागदात बांधून ठेवले, न जाणो, यांचंच काही असायचं. शनिवारी संध्याकाळी भागिरथा चहा घेऊन आली आणि एवढंच म्हणाली, "आवो, खरं सांगा, तुमी तवा काही केलं तं नव्हतं ना?"

"अवं, मलेच मालूम नाही," उकंडराव म्हणाला. त्यानं बशीत चहा ओतला आणि प्यायचा विसरला.

रविवारी सकाळी भंगारवाला आला, काटा-वजनं घेऊन. त्यानं ट्रॅक्टरवर हातोडी वाजवून पाहिली, जसं कुणी फणस वाजवून पाहावा. गाव जमलं. माणिकराव पायरीवर. नानीबाई ओट्यावर सुपारी कातरत बसलेली.

"एक डाव अजून," उकंडराव म्हणाला.

देवमन हँडल फिरवू लागला. उकंडराव खुळ्यासारखा बॉनेटशी उभा. वरून निंबाचं पान गळून बॉनेटवर पडलं, आणि त्याला एकदम जुनी गोष्ट आठवली. ट्रॅक्टर नवा असताना तो पोरांना गंमत दाखवायचा. बॉनेटवर दोन नळ्या, एकीतून धूर निघतो, दुसरी टोपीवाली. टोपी काढून त्या दुसरीशी निंबाचं पान धरलं, की इंजिन ते सुर्रकन आत ओढायचं. पोरं टाळ्या पिटायची. बायासुद्धा यायच्या पाहायला. नानीबाई तर पुढंच असायची.

त्यानं टोपी काढली. पान उचललं, नळीशी धरलं.

"फिरव!"

देवमननं जीव खाऊन फिरवलं. पान हललं नाही.

"देवमन, याचा श्वास बंद हाये!"

नळी उतरवली. खालचा, तेलातून हवा गाळायचा डबा उतरवला, तो दगडासारखा जड. देवमननं पेचकस घालून आतला गोळा उपसला. काळा, तेलकट, वर उंदरांनी आणलेलं भुसकट, आत थरावर थर. एक थर तुटला, आतून पिवळट. देवमननं वास घेतला, भुवया वर केल्या आणि हळूच उकंडरावापुढं धरला.

उकंडरावानं वास घेतला. तेल. त्यामागून गूळ. आणि गुळामागून जायफळ.

पोळा! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इंजिन मेलं होतं! आणि पोळ्याला सगळे गडी बैल घेऊन तोरणाखाली गेले, की मागं घरी ट्रॅक्टरजवळ राहायची ती एकटी... त्यानं ओट्याकडं पाहिलं. म्हातारी डोळे बारीक करून इकडंच पाहत होती. अकरा वर्षांचं कोडं सुटलं म्हणून नाचावं, तर पान धरून ट्रॅक्टरचं तोंड हिला दाखवलं कुणी? आपणच. मग मारला कुणी? उकंडरावाचा गोंधळ मिटायच्या ऐवजी दुप्पट झाला.

"काय निंगालं रे?" माणिकरावांनी विचारलं.

"उंदराचं घर, मालक," उकंडराव म्हणाला. "उंदरानं मारला."

देवमननं त्याच्याकडं पाहिलं आणि तुकडा मुठीत झाकला.

पण नानीबाई उठून काठी टेकत आली. तिनं तो तुकडा हातात घेतला, उजेडात धरला, नखानं खरवडला. "उंदीर कायचा, मेल्या!" ती म्हणाली. "हे पुरन हाये. माह्या हातचं हाये. मी माहं पुरन वयखत नाही का? बासष्टले पीक लय जोरात होतं म्हनून पाच पोळ्या चारल्या याले. नंतर दरसाल एक."

माणिकराव म्हणाले, "माय, तू... नळीत?"

"मंग कुठं चारू? पान खाते तं पोळी काहून नाही खानार? याच्या आधी कोनी इचारलं का मले?"

माणिकरावांनी डोक्याचा रुमाल काढला, पुन्हा बांधला. आईवर रागवावं की मिस्तरीवर की स्वतःवर, हे त्यांनाही उमगेना.

डबा रॉकेलनं धुतला, नवं तेल घातलं, नळी बसवली. दुसऱ्याच हँडलला इंजिन असं फुटलं, की भंगारवाला काट्यावर बसला. पहिला धूर निघाला त्याला जळक्या गुळाचा वास होता. साऱ्या गावानं नाक वर करून घेतला. संध्याकाळी माणिकराव चावडीवर उभे राहिले. "उकंडरावानं इंजिन मारलं नव्हतं," एवढंच बोलले. पण 'उकंडा'चा 'उकंडराव' केला, हे भागिरथेनं दुसऱ्या दिवशी विहिरीवर सात जणींना सांगितलं.

त्या साली पोळ्याला नानीबाईनं ट्रॅक्टरचे पत्रे तूप-हळदीनं शेकले, आवतन दिलं, आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळी घेऊन ट्रॅक्टरसमोर अडून उभी राहिली.

"उकंडा, नळीत नाही म्हनतोस. धुराच्या नळीत नाही, टाकीत नाही. आवतन तं देऊन बसली मी. मंग याचं तोंड हाये कुठं?"

उकंडराव खरंच विचारात पडला. त्यानं बॉनेट पाहिलं, टाकी पाहिली, चाकं पाहिली. मग सीटवर बसल्या बसल्या वाकून त्यानं आपलंच तोंड उघडलं.

नानीबाईनं क्षणभर विचार केला आणि पोळी त्यात घातली.

'इंजिनमाऱ्या' गेला. तेव्हापासून गाव त्याला 'ट्रॅक्टरचं तोंड' म्हणू लागलं. हा मान की अपमान, हे उकंडरावाला शेवटपर्यंत कळलं नाही. पण पोळी त्यानं एकाही वर्षी चुकवली नाही.