कुर्बाताचे अर्थ

स्टाफरूममधले किस्से कपाटावरच्या धुळीसारखे. कोणी साठवत नाही, साठत जातात. आमच्या उंद्रीच्या शाळेतले निम्मे वानखडे सरांचेच. मराठीचे मास्तर, शब्द दिसला की त्याचं मूळ उकरणारच!

त्यांचा एकुलता एक मुलगा मंगेश नोकरीसाठी बार्सिलोनाला गेला. तिथून टाय घातलेला फोटो पाठवला. खाली लिहिलं, 'बाबा, इथल्या कातालान भाषेत याले कुर्बाता म्हनतेत.'

चित्रकलेच्या काळे मॅडम फोटो बघून म्हणाल्या, "कुर्बाता कायचा सर? पोरगं कुर्बान झालं म्हना!"

आम्ही खो खो हसलो. सर नाही हसले.

*

दुसऱ्या आठवड्यात सर मूळ घेऊन हजर! क्रोएशियाचे शिपाई गळ्यात फडकं बांधून परमुलखात लढायला गेले. लोकांनी फडक्यालाच त्यांचं नाव दिलं, ते घासत घासत झालं कुर्बाता.

मी म्हटलं, "म्हंजे आपल्या डोणगावचे शिपाई गेले असते, तर टायले डोणगावी म्हनले असते?"

"हाव! पन आपले लोक गळ्यातला दुपट्टा सोडतेत काय बे?"

*

पंधरा ऑगस्टला सर रांगेतच कुजबुजले, "झेंड्याच्या काठीले फीत बांधतेत ना, तिलेबी कुर्बाताच म्हनतेत."

हेडसर डाफरले, "वानखडे सर, राष्ट्रगीत!"

नंतर मी विचारलं, "सारे अर्थ एकदमच काऊन नाही विचारत पोराले?"

"मंग पुढच्या रविवारी फोनवर काय विचारू? नुसतं 'जेवले का' म्हनते अन् फोन ठेवते. शब्द काढला का जरा वेळ बोलते."



*

एका रविवारी मंगेशनं डिक्शनरीची लिंकच पाठवली. 'बाबा, यात सारे अर्थ हायेत.'

सोमवारी मी विचारलं, "उघडली का सर?"

"कायले उघडू?"

इतकं वाईट वाटलं! पोरानं चांगल्या मनानंच पाठवली होती हो.

*

दिवाळीला मंगेश येणार नाही हे कळलं, त्या दिवसाची गोष्ट. डबे खाताना सर आपणहून म्हणाले, "त्या शिपायायच्या बायका निंघताना सोता फडकं बांधत, असं सांगतेत. मानूस वापस यावा म्हनून."

काळे मॅडमनी हळूच विचारलं, "मंगेश निंघाला तव्हा तुमी बांधला का दुपट्टा?"

"नेला होता ना एअरपोर्टवर. नवाच, चिखलीहून घेतलेला." सरांनी डब्याचं झाकण लावलं. "पन गळा रिकामा कुठं होता? टाय लावूनच निंघाला तो."