मुलाच्या वतीने

विजयनगरातल्या आमच्या शाळेत पालकांसाठी मदत केंद्र उघडलं, पण पालक फिरकेनात. दर शनिवारी नेमाने यायचे ते एक म्हातारे शिंपी. मुलांशी कसं बोलावं हे मी रंगून सांगायचे आणि ते गळ्यातली टेप चाचपत मान डोलवायचे.

एकदा विचारलं, "मामा, तुमचं मूल कितवीत?"

"मुलगा हेब्बाळला कंपनीत आहे, मेडम. आम्ही एकाच घरात राहतो, पण माझ्याशी बोलत नाही. माझं कुठं चुकलं, बघायला येतो."

"मग, सापडलं?"

"इल्ला, नाही मेडम. तुम्ही सांगता ते सगळं मी केलेलं आहे. आता मुलांसाठी पण एक वर्ग काढा की."

मी हसले, पण वर्ग काढला. मुलाला घेऊन येतो म्हणाले होते. आले एकटेच, आणि त्याच्या वतीने सगळं ऐकून गेले.