खड्ड्याचा फोटो

जालन्यात घर बांधलं तेव्हा परवानगीच्या कागदावरची प्रत्येक अट मी दोनदा वाचली. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिला. छापलेलं खरं मानायची सवय मला शाळेनं लावली आणि त्या शाळेचे उपकार मी आजही मानतो. कागदावर लिहिलं होतं, गच्चीवरचं पाणी जमिनीत मुरवायची सोय केल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र नाही. त्याशिवाय नळ नाही. आणि नळ आल्याशिवाय आई वाटूरहून यायला तयार नव्हती. "इथंबी हंडे, तिथंबी हंडे. मंग मी इथंच बरी," म्हणायची.

म्हणून मी खरा खड्डा घेतला. तळाला दगड, त्यावर खडी, मग वाळू, वरून फरशी. शेजाऱ्यानं भिंतीला नुसता पाइप उभा केला, खाली हातभर खड्डा उकरला, फोटो काढला आणि बुजवून टाकला. तो पाइप मग गल्लीत घरोघर फिरला.

"सर, तुम्हाला बी देऊ का? संध्याकाळी वापस करा," तो हसून म्हणाला. मी त्याच्याशी बोलणंच सोडलं.

तपासणीला साहेब आले.

"खड्डा कुठंय?"

"तुमच्या पायाखाली, साहेब. फरशीच्या खाली."

"दिसून न्हाई राह्यला. उघड्या खड्ड्याचा फोटो पाहिजे, बाजूला मालक उभा."

फोटो मी काढलाच नव्हता. गच्चीवर जाऊन चार बादल्या पाणी ओतलं. ते पाइपातून उतरून फरशीखाली गडप झालं.

"पाणी बराबर चाललंय," साहेब म्हणाले. "पण पाण्याचा फोटो न्हाई लागत."

शेजारी कंपाउंडवर कोपर टेकून बघत होता. "साहेब, समजून घ्या. सर शिकलेले हायेत."

माझं डोकं फिरलं. दोघांच्या देखत फरशी उचकटली. वाळू, खडी, दगड, सगळं एकाच ढिगात फेकलं. कडेची काळी माती ढासळून त्यातच कालवली गेली. कमरेएवढ्या खड्ड्याशेजारी उभा राहिलो. साहेबांनी फोटो काढला. ते गेल्यावर तो सगळा ढीग मी तसाच आत लोटला. माती वेगळी करायचीही मला किळस आली होती.

प्रमाणपत्र आलं. सोबत घरपट्टीत सवलतही आली. नळ आला, आई आली.

पावसाळ्यात खड्डा पाणी पिईना. गाळानं गच्च बसला होता. दारात घोट्याएवढं पाणी साचलं. आई पदर खोचून बादलीनं ते रस्त्यावर फेकत होती.

"असा कसा बुजवला रे?"

"साहेबानं उघडायला लावला."

"उघडायला त्यानं लावला. माती कालवून बुजवायला कोन म्हनलं?"

मी बादली तिच्या हातातून घेतली आणि उपसू लागलो. राग मात्र अजूनही त्या साहेबावरच आहे.